सगळं सरांच्या नावावर

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांइतका स्वतःशी भांडलेला माणूस अख्ख्या चंद्रपुरात झाला नसेल, आणि या भांडणाचा त्यांना मात्र पत्ताच नव्हता. हे कसं घडलं ते मला आजही नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. दोन हजार सात-आठचं साल असेल. कुठल्याशा शिबिराहून सर परत आले आणि म्हणाले, एकट्याने शिकायचे दिवस संपले, आता आपण विकी काढायची. विकी म्हणजे इंटरनेटवरचं असं पान, ज्यात वर्गातला कोणीही लिहील आणि दुसऱ्याचं चुकलेलं खोडील. आम्ही माना हलवल्या. भामरागडकडच्या खेड्यातून आलेल्या मला तोवर फक्त स्वतःचंच खोडायची सवय होती.

त्याआधी सरांनी ब्लॉग लिहून पाहिला होता. त्यावर कोणी प्रतिक्रिया लिहिली, की सर दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात उभं करून तोंडी उत्तर देत. विकीचीही पानं ते छापून घेत, लाल शाईने तपासत आणि पुन्हा टाइप करायला लावत. तीस पोरांचे तीस पासवर्ड हरवतील या भीतीने त्यांनी एकच ठेवला, स्वतःचा. तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिला आणि खाली ‘पुसू नये’. त्यामुळे वर्षभर आम्ही सगळे सर होऊन लिहीत होतो. संगणकावर दिसे ते असं : सरांनी सागाबद्दल लिहिलं, सरांनी ते खोडलं, मग सरांनी सरांनाच ‘हे साफ चूक’ असं सुनावलं.

विकीवरच्या मोहाच्या पानावर सरांनी लिहिलं होतं की लोक काठीने मोहफुलं पाडतात. मी दोन दिवस विचार केला आणि भीत भीत ते खोडून लिहिलं, की मोहफूल कोणी पाडत नाही, ते पहाटे आपोआप गळतं. झाडाखालचा पाला मात्र आधी झाडून ठेवावा लागतो. हे मला आईने शिकवलेलं. पुढच्या तासाला सरांनी तेच वाचून दाखवलं आणि खूश होऊन म्हणाले, “हे मी कधी लिहिलं, माझ्याच ध्यानात नाई! पण किती बरोबर लिहिलं!”

एवढा शिकलेला माणूस म्हणतो, म्हणजे त्यांनीच लिहिलं असेल का, असंही मला क्षणभर वाटलं. पण विकीला वीस गुण होते आणि प्रात्यक्षिकात मी अगदी काठावर. ते गुण गेले असते तर मी नापास. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच; तेच वर्ष पुन्हा करायला मला कोणी पाठवलं नसतं.

गुण द्यायला बसल्यावर सरांच्या लक्षात आलं, की सगळे गुण त्यांनाच मिळताहेत. ते छापील पानं उलटसुलट करू लागले. माझ्याजवळ बसलेला ऊर्जानगरचा शकील कुजबुजला, “सांग नं सरले. काऊन गप्प बसली? तुहे मार्क त्यायले देऊन राह्यली का?”

मी उभी राहिले. “सर, ते मोहफुलाचं... माह्या आईचं हाय. म्हणजे, मी लिहिलं.”

“मंग तवाच काऊन नाई सांगितलं वं?”

“तुमीच म्हणले ना सर, तुमी लिहिलं म्हणून.”

सरांनी ते पान पुढे ओढलं. मग पाला कधी झाडतात, फुलं कुठे वाळवतात, सगळं मला विचारलं आणि त्या ओळीसमोर लाल शाईने माझं नाव लिहिलं.

त्यानंतर एकेक जण पुढे येऊन आपलं वाक्य बोटाने दाखवू लागला. एका वाक्याला तिघे मालक निघाले. शकील स्वतःचं विसरला आणि सगळ्या सागावर हात ठेवून मोकळा झाला. “अबे, जंगल खात्याले तरी ठेव थोडा,” सर म्हणाले. दुपारपर्यंत पानं आमच्या नावांनी भरली. शेवटी मोहाच्या सावलीबद्दलच्या दोनच ओळी उरल्या. साध्याच, पण छान होत्या.

सरांनी त्यावर बोट ठेवलं. “ह्या दोन तरी माह्याच ना रे?” विचारताना ते हसले नाहीत.

त्या कोणी लिहिल्या, ते खरंच कोणाला ठाऊक नव्हतं.

मी पास झाले. पुढे सर निवृत्त झाले, ती फुकटची साइटही बंद पडली. त्या ओळी आता मला शब्दशः आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की कोणीच काही बोललं नाही आणि सर त्या ओळींसमोरची जागा कोरी ठेवून उठले. ‘हो सर, तुमच्याच’ एवढं मी तरी म्हणायला पाहिजे होतं.