फ्रेंच क्लबाचा नववा खेळाडू

आमच्या मेहुण्यांच्या मते जगात आजवर जे काही घडलं, ते एक तर फ्रान्समधल्या एका लहानशा बेसबॉल क्लबामुळे घडलं, किंवा त्या क्लबाच्या मैदानावर पाऊस पडत असताना घडलं. तिसरी शक्यता त्यांना मान्य नाही. मेहुणे म्हणजे हिचे मावसभाऊ. मूळचे चिंचवडचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, आणि आम्ही टोकियोत फुनाबोरीला राहायला आलो तेव्हा त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या दोन मजले खाली आधीपासून मुक्काम ठोकून असलेले. परदेशात आपलं माणूस जवळ असावं, असं सगळे म्हणतात. किती जवळ असावं, याचा विचार मी बऱ्याचदा लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहून केलेला आहे.

जपानला येण्याआधी कंपनीने त्यांना फ्रान्सच्या दक्षिणेला, द्राक्षमळ्यांमधल्या एका गावात मशिनं बसवायला पाठवलं होतं. रविवारी गावात चिटपाखरू दिसायचं नाही, आणि मेहुण्यांचं फ्रेंच मशिनच्या मॅन्युअलपुरतं. अशाच एका रविवारी त्यांना माळावर काही माणसं बॅट घेऊन उभी दिसली. क्रिकेट समजून ते धावत सुटले. क्रिकेट नव्हतं, पण त्या लोकांना स्कोअर लिहायला माणूस हवा होता, आणि मेहुण्यांनी कॉलेजच्या टीममध्ये राहून आयुष्यभर तेवढंच केलं होतं. झालं! पुढची तीन वर्षं ते त्या क्लबाचे स्कोअरर होते आणि त्यानंतर कायमचे इतिहासकार. हा इतिहास ते लिहीत होते, असं ते म्हणत. आम्ही तो फक्त ऐकला आहे.

आता जपानात बेसबॉल म्हणजे काय, हे सांगायला नको. इथे शाळकरी पोरं त्यासाठी डोकी भादरून घेतात. एरवी वर्षभर न हसणारे साहेब आपली टीम जिंकली की सकाळी ऑफिसात शीळ घालत येतात. अशा देशात येऊन फ्रेंच बेसबॉलची महती गाणं म्हणजे कोल्हापूरकरांना तांबडा रस्सा नॉर्वेत कसा करतात ते समजावण्यासारखं आहे. पण जपानी माणूस सभ्य. तो मान डोलावत ‘सो देस नेऽ’ म्हणतो, म्हणजे आपलं ‘हो का, वा’. ऐकणाऱ्याला सुटायचं आहे, हे त्या लांबलेल्या ‘नेऽ’वरून माझ्यासारख्या मठ्ठ माणसालाही कळतं. मेहुण्यांना मात्र त्यातून आग्रह ऐकू यायचा.

इतिहास तसा रंगतदार होता, याबद्दल वाद नाही. युद्धानंतर गावात आलेल्या अमेरिकन सैनिकांचा खेळ बघून एका बेकरीवाल्याने क्लब काढला. पहिला ग्लोव्ह गावातल्या खोगीरवाल्याने शिवला. तो इतका कडक होता की चेंडू त्यात शिरण्याऐवजी त्यावरून उडून दुसऱ्यालाच मिळायचा. मैदानाच्या डाव्या अंगाला अक्रोडाचं झाड. ते तोडायला जमीनमालकीणबाईंची परवानगी नव्हती, म्हणून चेंडू झाडात अडकला तर दोन बेस, म्हणजे धावायचे दोन टप्पे, फुकट द्यायचे, असा स्थानिक नियम. मॅचच्या आधी जेवायचं की नंतर, यावरून एकदा क्लब फुटला आणि गावात दोन क्लब झाले. नंतरवाले उपाशीपोटी हरायचे, आधीवाले झोपेत हरायचे. शेवटी दोघे एकत्र आले आणि मध्यंतरात जेवू लागले. ‘बेसबॉलला मध्यंतर नसतं हो,’ असं मी एकदा म्हणून पाहिलं. मेहुणे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, “जावईबापू, तुम्ही फक्त जपानचं बेसबॉल पाहिलंय.”

एकदा मी माझ्या साहेबांना घरी पुरणपोळीला बोलावलं. साहेब बेसबॉलवेडे, म्हणून उत्साहाच्या भरात मेहुण्यांनाही बोलावलं. माझ्या प्रमोशनचा विषय हळूच काढायचा, असा बेत होता. पोळी पानात पडली तेव्हा बेकरीवाला क्लब काढत होता. पोळी गार झाली, तूप थिजलं, तरी क्लब नुसताच फुटला होता, एकत्र यायचा होता. साहेबांनी अत्यंत अदबीने विचारलं, “ही टीम जिंकली केव्हा?” मेहुण्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “साहेब, त्या प्रकरणावर आपण अजून आलो नाही.” त्या वर्षी माझं प्रमोशनही त्याच प्रकरणात अडकलं.

वहिनी, म्हणजे मेहुण्यांच्या पत्नी, हे सगळं हसून घ्यायच्या. “माझी सवत फ्रान्सला असते,” असं ओळख करून देतानाच सांगायच्या. लहानग्या मुलीला अंघोळ घालताना, डबा भरताना, सायकलवरून पाळणाघरात सोडताना त्यांच्या कानावर तो इतिहास पडतच असायचा. त्यांना तो आमच्यापेक्षा पाठ होता. मेहुण्यांचं वर्ष चुकलं तर स्वयंपाकघरातून दुरुस्ती यायची.

मग मार्चमधला तो शुक्रवार आला. मेहुण्यांनी दाढेसाठी अर्धी रजा घेतली होती, म्हणून ते ऑफिसात नव्हते. बिल्डिंगसमोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवे होते. जमीन हलायला लागली ती थांबेचना. सगळे समोरच्या बागेत धावले. माझी बायको सांगते, मेहुणे गळ्यात तो कागदी रुमाल आणि अर्धं तोंड बधिर अशा अवस्थेत डॉक्टरांचा हात धरून आले. बागेत वहिनी मुलीला पोटाशी धरून बसल्या होत्या. मुलगी रडत होती, दिव्यांचे खांब वेताच्या काठीसारखे वाकत होते, आणि मेहुणे अर्ध्या तोंडाने, लाळ पुसत, डॉक्टरांना वादळात अक्रोडाचं झाड कसं हाललं ते सांगत होते. जमीन पुन्हा हलली की त्यांचा आवाज आणखी चढायचा. ही म्हणते, “दादाला त्या दिवशी थोबाडावं असं मला पहिल्यांदा वाटलं.”

वहिनींनी थोबाडलं नाही. आठवड्याच्या आत मुलीला घेऊन चिंचवडला गेल्या. भूकंपात उत्तरेकडची अणुभट्टी फुटली होती, तेव्हा बरेच जण गेले. आम्हीही बायकोमुलांना पाठवलं होतं आणि दोन महिन्यांनी ती परत आली. वहिनी आल्या नाहीत. मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातल्याचं कळलं. त्यांचे वडील रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, की टोकियोतले परदेशी लोक गेले, फ्रेंचसुद्धा गेले. एका रविवारी मी आणि ही मेहुण्यांकडे चहाला बसलो असताना फोन आला. मेहुण्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “मग कधी येतेस?”

स्पीकरवर वहिनींचा आवाज ऐकू आला. “तुमचे ते क्लबवाले येऊ देत आधी तिथे. ते आले की मी आले.”

हा टोमणा होता. माझ्या चार वर्षांच्या पोरालाही तो टोमणा म्हणून कळला असता. मेहुण्यांनी फोन ठेवला, आमच्याकडे वळले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “ठरलं म्हणजे. क्लबाला बोलवायचं.”

“दादा, ती चिडून बोलली रे,” ही म्हणाली.

“असेल. पण बोलली ना?”

त्यानंतर मेहुण्यांनी त्या बिचाऱ्या फ्रेंच गावाला जे छळलं, त्याला तोड नाही. क्लबाचे अध्यक्ष खाटीक होते. त्यांना रोज एक ईमेल जायचं. आज बागेत मुलं खेळत होती, आज नदीकाठच्या मैदानावर मॅच झाली, आज मी स्टेशनवर उभं राहून आइस्क्रीम खाल्लं, सोबत फोटो. अध्यक्षांनी कळवलं, खेळाडूंच्या आया नको म्हणतात. मेहुण्यांनी आयांना स्वतंत्र पत्रं लिहिली. मग कळलं, द्राक्षांची तोडणी आली. मग कळलं, पैसे जमवायला गावजेवण ठेवलंय. मग नुसतंच काही कळेना. त्या दिवसांत मेहुणे आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा इतिहास सांगायचे नाहीत. मुकाट्याने आमटी ओरपायचे आणि आपलं ताट स्वतः विसळून ठेवायचे. गंमत अशी, की इतकी वर्षं जी शांतता मी देवाकडे मागितली होती, ती मिळाल्यावर मला घास गोड लागेना. शेवटी मीच विचारायचो, “तो बेकरीवाला मुळात कुठला हो?” मेहुणे म्हणायचे, “सांगेन कधीतरी.”

पुढच्या वर्षी, तोडणी संपल्यावर, नोव्हेंबरात ते आले. खरोखरच आले! विमानतळावरून मेहुण्यांचा फोन आला तेव्हा त्यांना बोलताच येत नव्हतं. मला वाटलं रद्द झालं. “आले हो, जावईबापू, आले. खाटीक पण आलाय.” मी ऑफिसात होतो. हायसं वाटून मी इतका मोठा सुस्कारा सोडला की पलीकडच्या सहकाऱ्याने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. आणि वहिनी? वहिनी शब्दाला पक्क्या. त्याच आठवड्यात मुलीला घेऊन उतरल्या. हिला मात्र त्यांनी दारातच सांगून टाकलं, “बोलले होते म्हणून आलेय हं. परतीचं तिकीट आहे. तिची सहामाही आहे.” मेहुण्यांनी ते ऐकलं आणि गुपचूप बॅगा आत नेल्या.

मॅच नदीकाठच्या मैदानावर, दातांच्या डॉक्टरांच्या टीमशी ठरली होती. त्या टीमचं सरासरी वय मी विचारलं नाही, पण बाकावर खेळाडूंपेक्षा गुडघ्याचे पट्टे जास्त होते. पंच येऊन उभा राहिला आणि घोटाळा लक्षात आला. फ्रेंच आठच होते. नवव्याने आईचं ऐकलं होतं. नऊ झाल्याशिवाय बेसबॉल होत नाही. डॉक्टर आपला एक माणूस द्यायला तयार होते, पण खाटीकसाहेबांनी मेहुण्यांकडे बोट केलं आणि क्लबाचा शर्ट त्यांच्या अंगावर फेकला. ज्या माणसाने आयुष्यात फक्त दुसऱ्यांच्या धावा लिहिल्या, तो बावन्नाव्या वर्षी खेळायला उतरला. वही माझ्याकडे आली. मी त्यात काय लिहिलं, ते कृपा करून विचारू नये.

फ्रेंच नेटाने हरत होते. मेहुणे उजव्या कोपऱ्यात उभे होते आणि चेंडू सभ्यपणे त्यांना टाळत होता. मी, ही आणि वहिनी गवतावर सतरंजी टाकून बसलो होतो. वहिनींची नजर मैदानावर होती, पण मन बहुधा तिकिटावर असावं. त्या मुलीला संत्री सोलून देत होत्या. आणि मेहुण्यांची बॅटिंग आली. दोन चेंडू गेले. तिसरा त्यांच्या बॅटला लागला. त्यांनी मारला म्हणवत नाही, लागला. चेंडू गवतातून सरपटत गेला आणि मेहुणे बॅटसकट धावत सुटले. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. मीही ऐकलं होतं. पण समोर माणूस जिवाच्या आकांताने पळत असताना माझ्यातला गल्लीतला क्रिकेटवीर उसळून उठला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “बॅट टेकवा! दादा, बॅट टेकवा!”

मेहुण्यांनी झेप घेतली. आडवे पडून, हात ताणून, त्यांनी पहिल्या बेसवर बॅटचं टोक झकास टेकवलं. क्रिकेटमध्ये शंभर टक्के नाबाद! इथे बेसला अंग लागावं लागतं, आणि त्यांचा ना हात लागलेला ना पाय. मागून चेंडू सावकाश आला, बेसवरच्या आजोबांनी तो झेलला, आणि पंच चेंडूकडे, बॅटकडे, पुन्हा मेहुण्यांकडे बघत राहिला. मग त्याने क्षमा मागितल्यासारखं वाकून आऊट दिलं. मेहुणे तसेच पालथे, बॅट टेकवलेली, मान वर करून विजयी मुद्रेने आमच्याकडे बघत होते.

शेजारी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. वहिनी हसत होत्या. संत्र्याची फोड हातात, डोळ्यांतून पाणी, आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. “अहो, उठा! उठा ना, आऊट आहात तुम्ही!” त्यांना हसताना पाहून मुलगी हसली, ही हसली, मी हसलो. तिकडे खाटीकसाहेब टोपी आपटून हसले. मैदानावर तेवढे जपानी आजोबा हसत नव्हते. ते सगळे खाली मान घालून बुटांच्या नाड्या बांधत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मॅच संपल्यावर दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहून वाकल्या. फ्रेंच वाकून झाल्यावर आजोबांचे मुके घेऊ लागले आणि तिथे थोडी पळापळ झाली. मेहुणे सतरंजीवर येऊन बसले. कोपर खरचटलं होतं. वहिनी पाण्याने ते पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या, “त्या दिवशी बागेत एवढं काय बडबडत होतात हो?”

मेहुणे म्हणाले, “गप्प बसलो असतो तर रडलो असतो. तू बघत होतीस.”

वहिनी बराच वेळ कोपर पुसत राहिल्या. त्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी संत्र्याची सालं पिशवीत भरली, तिला गाठ मारली आणि विचारलं, “जळणारा कचरा न्यायला अजून मंगळवारीच येतात का? की बदलला वार?”

“मंगळवार आणि शुक्रवार,” मेहुणे म्हणाले. हिने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

वहिनी सहामाहीसाठी गेल्या आणि मुलीचा दाखला घेऊन परत आल्या. पुढे मेहुण्यांची बदली झाली. आता सगळे चिंचवडला असतात. परवा वहिनींचा फोन आला. तिकडे फ्रान्समध्ये तरुण पोरं शहरात गेली, नऊ जण जमेनात, क्लब बंद झाला. खाटीकसाहेबांनी कळवलं. “यांनी काही दाखवलं नाही, पण घरात फार शांत असतात. मला तर सगळं पाठ, मला काय सांगणार? तुम्ही विचारा ना त्यांना, जावईबापू. काहीही विचारा.”

मी रविवारी सकाळी फोन लावला. म्हटलं, “दादा, मला सगळं विसरायला झालंय. हा क्लब सुरू कसा झाला?” पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मी फोन टेबलावर ठेवला, समोर मटार सोलायला घेतले, आणि बेकरीवाला सावकाश, अगदी सावकाश, सैनिकांच्या मागून माळावर जायला निघाला.