मामेसासरे आणि चिमूटभर मीठ

मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली माणसं पुष्कळ भेटतील, पण तो सत्याग्रह अजून चालूच आहे असं मानून जगणारे माझे मामेसासरे एकटेच. वडील इंदुरात दरबारच्या नोकरीत, आणि हे थेट समुद्रकाठी जाऊन मीठ उचलून आले. इंग्रज गेला, करही गेला, नवा मध्यप्रदेश झाला, तरी मल्हारगंजातल्या दुकानात मीठ घेताना ते विचारायचेच, "ह्यात सरकारचा हिस्सा किती?" दुकानदार हात जोडायचा. "दादाजी, नमक का टैक्स तो कब का गया." "गया है, तो आ भी सकता है," असं बजावून ते पुडी उचलायचे. लग्नात पानावर मीठ पडल्याशिवाय घास घेत नसत, आणि वडीलधारे तेच, म्हणून अख्खी पंगत पुऱ्या गार होताना बघत बसे.

असे मामा एका चैत्रात आमच्याकडे राहायला आले, आणि तुकोगंजातल्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहून मला बाजूला घेतलं. "मीठ बंद. झटका येऊ शकतो, तुम्ही लक्ष ठेवा." माझ्या बायकोला मामांनीच वाढवलेलं. मी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव बदललं.

"काय सरकार," जेवायला बसताना ते म्हणायचे, "इंग्रज कर घेऊन का होईना, मीठ देत तरी होता."

"मामा, तुमच्या भल्यासाठीच करतोय."

"तोही हेच म्हणायचा, भिया." इंदुरी बोलीत जावईही भिया, म्हणजे भाऊच.

मग एके दिवशी त्यांनी ताटच सरकवलं. मीठ वाढा, तर जेवतो. दुसऱ्या दिवशीही नुसतं पाणी. खाल्लं तर झटका, न खाल्लं तर उपासमार. ऑफिसात एक फाइल माझ्या हातून धड होईना. शेवटी मी कुलूप उघडलं आणि त्यांच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं.

"बस," मामा म्हणाले. "खायचं की नाही, ते आता मी बघतो." आणि अळणी वरणभात जेवले. मीठ तसंच राहिलं.

पुढे रोज तेच. ताट उचलताना माझी नजर आधी मिठाकडे जायची. एका रविवारी कैरीची डाळ केली होती. त्या दिवशी मिठाच्या कडेला बोटाची पुसट खूण दिसली. मामा मान खाली घालून हात धूत होते. मी बायकोला काही सांगितलं नाही. दुपारी ते झोपले तेव्हा दाराशी उभा राहून कितीतरी वेळ त्यांचा श्वास ऐकत राहिलो. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी वाढताना हात जरा थांबला, मग नेहमीएवढंच मीठ वाढलं.