पुस्तकांतल्या चिठ्ठ्या

सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाय ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. कचऱ्याची बादली कागदाच्या चिठ्ठ्यांनी भरून वाहत होती. आम्ही पीएच.डी.वाले खुणेसाठी पुस्तकांत घालतो, त्याच चिठ्ठ्या. तपासणी समिती येणार म्हणून आमच्या टेबलांवरची सगळी पुस्तकं झटकून कपाटात लावली होती, तीही उंचीप्रमाणे, शाळेच्या कवायतीत पोरं उभी करावीत तशी.

"अहो मॅडम, माझं वर्षभराचं काम होतं त्यात!" मी ग्रंथपालबाईंना म्हणाले.

"पसारा दिसतो गं. समिती गेली की परत घाल."

परत घाल! कुठल्या पानात? विचार करता करता आपण जिथे थांबलो, ती जागा चिठ्ठी धरून ठेवते. आपण परत येईपर्यंत ती सांभाळावी, एवढं ग्रंथालयाने केलं तरी खूप झालं. नुसती पुस्तकं काय, गोदामातही राहतात.

समिती आली तेव्हा आम्हाला बाहेर व्हरांड्यात काढलं होतं. खिडकीतून दिसत होतं. रिकाम्या, चकचकीत टेबलावर हात ठेवून बाई अभिमानाने सांगत होत्या, "इथे आमचे संशोधक बसतात. दिवसदिवस उठत नाहीत."