लोहाराचा मामा

माणूस कुठलाही असो, दोन प्रश्नांत मी त्याचं नातं काढतो. फक्त माझ्याच लग्नात बायकोच्या मामाला आचारी समजून त्याच्याकडे जिलेबी मागितली, तेवढं सोडा.

काल चप्पल घालून एसटी स्टँडवर निघालो, तर पोरगी कॉम्प्युटरवर गेम खेळत होती. त्यात एक लोहार घण मारत होता. तिनं त्याच्यावर क्लिक केलं, तर त्याचं सगळं घरच समोर आलं. बाप नदीत बुडालेला, आई घोंगड्या विणते, बहीण डोंगरापलीकडे दिलेली.

"हे कुणी लिहिलं गं?"

"कुणी नाही बाबा. कॉम्प्युटर आपोआप बनवतो, अशी हजारो माणसं."

मी चपलेसकट तिथंच बसलो. "याचा मामा कुठला?"

"मामा नसतो त्यांना."

मामा नाही? मग बहिणीला मांडवात कुणी आणलं? बाप तर नदीत. आपल्याकडे माणूस आधी कुणाचा तरी भाचा असतो, नाव नंतर ठेवतात. इथं एवढी माणसं जन्माला घातली, आणि खिशातून गोळ्या काढून देणारं एकालाही कुणी नाही.

पोरगी म्हणाली, "हे गाव पुसते, नवीन करते."

"पुसू नको गं! सणाला त्याची बहीण येईल. कुणाच्या दारात उभी राहील?"

आतून बायको फोन घेऊनच आली. "तुमची सख्खी बहीण कधीची एसटी स्टँडवर बसलीय. पोरं विचारतायत, मामा कुठाय?"