मास्तरची खुर्ची

अम्गरा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या शत्रुघ्न परबला कुवेतमधली मराठी माणसं ओळखू लागली ती २००१ साली. तिथल्या मराठी मंडळाच्या अभिजीतने हौशी नटांना घेऊन बँक लुटणाऱ्या टोळीची आठ भागांची मालिका काढली. दर शुक्रवारी चित्रण व्हायचं आणि एका खासगी केबलवाहिनीवर ती दिसायची. टोळीचा म्होरक्या 'मास्तर' म्हणजे इंजिनियर विश्वास. शत्रुघ्न तिजोऱ्या उघडणारा. पडद्यावरची तिजोरीही त्यानेच वर्कशॉपच्या उरलेल्या पत्र्यातून बनवलेली.

तीन भाग झाले आणि विश्वासची बदली दुबईला झाली. अभिजीतने गोष्टीत मास्तरला पकडून दिलं. आता टोळीतलंच कोणीतरी म्होरक्या होणार, आणि तो आपणच, याबद्दल शत्रुघ्नला शंका नव्हती. त्याने गावी बायकोला, सीताबाईला, फोनवर सांगूनही टाकलं.

अभिजीतने नाव घेतलं ते दर्शनाचं. ती हॉस्पिटलात नर्स. टोळीत तिचं काम गाडी चालवण्याचं, तेही दोन-चार वाक्यांचं.

"तिला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत," अभिजीत म्हणाला. "तुला वाईट नाही ना वाटलं?"

"माका चलात," शत्रुघ्न म्हणाला, आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांपासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसला.

पहिल्या शुक्रवारी दर्शना अडखळली, तेव्हा त्याला बरं वाटलं. दुसऱ्या शुक्रवारी ती मास्तरच्या खुर्चीत बसली आणि सगळे आपसूक गप्प झाले, तेव्हा तो उठून तिजोरीच्या बिजागऱ्या तपासायला गेला. ती आवाज चढवत नव्हती. ड्यूटी संपवून आलेली, डोळे सुजलेले, तरी प्रत्येकाला त्याची जागा दाखवून मगच उभी राहायची. हे आपल्याला का सुचलं नाही, याचाच त्याला जास्त राग यायचा.

सहाव्या भागात ती तिजोरीचं चाक फिरवणार आणि दार उघडणार, असं होतं. कॅमेरा सुरू होण्याआधी शत्रुघ्नने दाराच्या फटीतून बोट घालून आतली खिट्टी पाडली. ही जागा त्याच्याशिवाय कोणाला माहीत नसावी, असं तो समजत होता.

दर्शनाने चाक फिरवलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. अभिजीत 'कट' म्हणायच्या आत ती मास्तरच्याच थाटात शत्रुघ्नकडे वळली.

"कुलपाचं तुला कळतं. तू उघड. मी बॅटरी धरते. घाई नको."

असं काही लिहिलेलंच नव्हतं. ती गुडघ्यावर बसली, बॅटरीचा उजेड त्याच्या हातांवर धरला. बोट आत घालून त्याने खिट्टी उचलली. दार उघडलं. अभिजीतने तोच शॉट ठेवला.

चहाच्या वेळी ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "दादा, तालमीच्या वेळी खिट्टी वर होती. मी फटीतून पाहिली होती."

"मुद्दाम पाडली मी," तो म्हणाला. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"मला वाटलंच." तिने कप खाली ठेवला. "पुढच्या भागात चाकावर हात कसा ठेवायचा ते दाखवाल? माझा खोटा वाटतो."

तिने कोणालाही सांगितलं नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पुढल्या शुक्रवारी त्याने तिला हात दाखवला, नीट दाखवला, आणि ती पटकन शिकली याचंही त्याला वाईट वाटलं.

२००४ साली दर्शना आयर्लंडला गेली. अभिजीतने दुसरी मालिका काढली आणि म्होरक्या शत्रुघ्नला केलं. पहिल्याच दिवशी चित्रणाआधी त्याने प्रत्येकाला त्याची जागा दाखवली. काम चांगलं झालं. मंडळाच्या कार्यक्रमात कुवेतच्याच बनेद अल-गार भागातून आलेल्या एका बाईंनी कौतुक केलं आणि पुढे म्हणाल्या, "पण दर्शनाची गोष्टच वेगळी होती हो."

तो हसून "खरं आहे" म्हणाला. खरंच होतं ते. त्या दिवशी मात्र तो जेवायला न थांबताच बसस्टॉपकडे निघाला.