वाढत्या अंगाची दुर्बीण

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आली नाही. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा, म्हणजे पहिलं वर्षभर त्यात मी आणि धाकटा भाऊ दोघंही मावलो असतो. बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला. सायकल अशी, की सीटवर बसलं की पाय पेडलला पोचायचे नाहीत. "घेतोच आहोत तर थोडं पुढचं घेऊ," असं आई म्हणायची आणि वडील मान डोलवायचे. अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झाली, नेपरव्हिलला घर झालं, तेही दोन खोल्या जास्तीच्या असलेलं, पण सवय काही गेली नाही. त्यामुळे रायफलीसाठी दुर्बीण निवडायची वेळ आली तेव्हा मी काय करणार हे माझ्या आईने डोळे मिटून सांगितलं असतं.

रायफल म्हटलं की इथल्या मराठी मंडळातले मित्र माझ्याकडे असे बघतात जसा काही मी चंबळच्या खोऱ्यातून आलोय. खरी गोष्ट फार साधी आहे. कॉलेजात एनसीसीत असताना वर्षातून एकदा पालथं पडून पाच गोळ्या झाडायला मिळत. त्या पाच गोळ्यांचं सुख डोक्यात राहून गेलं होतं. आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात, आयुष्यभर लेथवर काम केलेले; घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी एकदा मला आपल्याबरोबर रेंजवर नेलं, आणि मी अडकलो. बंदूक बाळगायला लागणारं राज्याचं कार्ड रीतसर काढलं, शिकवणी घेतली आणि लहान गोळीची, पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. नाव भारदस्त आहे, काम नाही. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत चढते, एवढंच. तिने कागदाच्या टारगेटवर नेम धरायचा, आणि थंडीच्या सुरुवातीला खारींची शिकार करायची; इकडे लोक त्या खातात. मी आजवर खार खाल्लेली नाही आणि आमच्या स्वयंपाकघरात ती शिजणंही शक्य नाही. पण काकांनी या वर्षी मला त्यांच्या भावाच्या शेतावर बरोबर यायला सांगितलं होतं, आणि मला जायचं होतं.

अडचण डोळ्यांची होती. पन्नाशी उलटल्यावर नळीच्या टोकावरची नेमाची खूण नीट दिसली तर टारगेट धूसर व्हायचं, आणि टारगेट दिसलं तर खूण नाहीशी. काका म्हणाले, "चार पटींची एक साधी दुर्बीण लाव. ही लहान गोळी पन्नास-पाऊणशे यार्डांवर चालवायची, त्याला तेवढी पुरे."

पुरे हा शब्द मला ऐकूच येत नाही. मी एक्सेल शीट उघडली. सव्वीस दुर्बिणी, चौदा रकाने: भिंगाचा व्यास, वजन, डोळा किती लांब ठेवावा लागतो, किती यार्डांवर चित्र स्वच्छ दिसतं, धुकं धरतं की नाही. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले. ग्रुपमधल्या एकानेही कधी रायफल हातात धरलेली नव्हती, तरी मतं भरभरून आली. "यार, घेतोच आहेस तर टॉपची घे ना," असं बेलव्ह्यूच्या मित्राने लिहिलं. मुलगी फोनवर हसली. "बाबा, यू आर नॉट शूटिंग द मून," म्हणाली.

मी सहा ते चोवीस पटींची मागवली. पुढेमागे मोठी रायफल घेतली तर हीच चालेल, असा विचार केला. ती त्या हलक्या रायफलीवर बसवल्यावर शाळकरी पोराच्या डोक्यावर वडिलांची टोपी ठेवल्यासारखी दिसायला लागली. काकांनी फक्त भुवया वर केल्या.

रेंजवर पहिला तास छान गेला. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून मी गोळ्या झाडल्या, खिट्ट्या फिरवत नेम जुळवून घेतला. पन्नास यार्डांवरच्या कागदाचा धागान्‌धागा दिसत होता. मग काका म्हणाले, "रानात टेबल नसतं. आता उभा राहून बघ."

मी उभा राहिलो, रायफल खांद्याला लावली, पट कमी-जास्त करायची दुर्बिणीची कड फिरवून चोवीसवर नेली आणि आत बघितलं. दुर्बिणीतली फुली टारगेटवर थरथरत होती. थरथरत कसली, नाचत होती. श्वास रोखला तर जास्तच. मी रायफल खाली घेतली, हात झटकले, पुन्हा लावली. तेच. चाप न ओढताच मी ती टेबलावर ठेवली आणि काकांना सांगितलं की आज खांदा दुखतोय.

माझ्या वडिलांना कंपवात होता. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर खडूने एका दमात वर्तुळ काढायचे, आणि ते इतकं गोल असायचं की मुलं टाळ्या वाजवायची. मग एका वर्षी ते वर्तुळ काढायचे बंद झाले. डावा हात खिशात राहायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला, तेव्हा आईने त्यांना कप अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली. कुणी कधी काही बोललं नाही. अर्धा कप त्यांच्यासमोर यायचा, ते तो बघायचे आणि प्यायचे. मी तेव्हा त्यांच्याच टेबलाशी बसलेलो असायचो, आणि मीही गप्प. ते चोपन्न वर्षांचे होते. मला त्या दिवशी रेंजवर त्रेपन्नावं चालू होतं.

मी भ्यालो. दुसरा शब्द नाही. पुढचा महिनाभर रोज सकाळी बाथरूमचं दार लावून हात पुढे धरून बघत होतो. हाताच्या पाठीवर कागद ठेवला की कडा हलायच्या. कप दोन्ही हातांनी धरायला लागलो आणि वर बायकोला सांगितलं की हात गार पडतात, मे महिन्यात. इंटरनेटवर वाचू नये ते सगळं वाचलं. काका दोनदा रेंजवर बोलवायला आले, दोनदा ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलं. शेवटी ठरवलं, दुर्बीण परत करायची आणि शिकारीचं कॅन्सल करायचं. जे दिसतंय ते बघायचंच नाही, असा माझा हिशेब होता.

शनिवारी दुपारी डायनिंग टेबलावर बसून मी दुर्बीण रायफलीवरून काढली, रायफल कपाटात कुलूपबंद केली आणि दुर्बिणीचा खोका शोधायला तळघरात गेलो. वर आलो तर बायको दुर्बीण डोळ्याला लावून खिडकीतून बघत होती. तिला रायफलीचं वावडं, पण काकांच्या अंगणातल्या दाणे खाणाऱ्या पक्ष्यांचं भारी वेड.

"अरे, ह्याला काही स्टँड वगैरे नसतो का? केवढं हलतंय हे!"

"काय हलतंय?"

"सगळंच. तो लाल पक्षी बघ, एका जागी थांबतच नाहीये. पक्षी नाही रे, माझंच हलतंय." तिने कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलं. "तरी हलतंय. बिनकामाची आहे तुझी दुर्बीण."

तिचे हात म्हणजे काय सांगू. सुईत दोरा ओवायला अजून चष्मा लागत नाही, आणि पुरणपोळी कधी फाटलेली मी पाहिली नाही. मी तिच्या हातातून दुर्बीण घेतली, कड बघितली. चोवीसवरच होती. ती चारपर्यंत येतच नव्हती, मी सहावर आणली आणि तिला परत दिली.

"आता?"

"हां, आता ठीक आहे. जरा हलतंय, पण चालेल."

मी खुर्चीत बसलो आणि हसायला लागलो, आणि मग मला हसू आवरेना आणि डोळेही. तिने दुर्बीण खाली ठेवली आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं, बाथरूममधल्या कागदासकट. तिला वडिलांचा आजार माहीत होता. लग्नानंतर दोन वर्षं तिनेच त्यांना भरवलं होतं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माझेही हात हलले म्हणून तू सुटलास असं नाही. सोमवारी डॉक्टरांना फोन करायचा."

"हो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं तुला?"

समोर माझा दुपारचा चहा होता, गार झालेला. मी तो उचलला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. कप अर्धाच भरलेला होता. मी आठवून बघितलं. कालचाही. परवाचाही. कितीतरी दिवस मला अर्धाच कप मिळत होता, आणि मी तो बघत होतो आणि पीत होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. "तू दोन हातांनी धरायला लागलास तेव्हापासून. आईंसारखंच झालं माझ्या हातून. बोलवेना."

न्यूरॉलॉजिस्टने मला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर शंखासारखं गोल गोल काढायला लावलं. माझं चित्र वडिलांच्या वर्तुळाच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं, पण डॉक्टरांना ते आवडलं. म्हणाल्या, तुम्हाला तो आजार असल्याची काहीही खूण आज मला दिसत नाही, वर्षाने पुन्हा या. एवढी थरथर प्रत्येकाच्या हातात असते, बघायला गेलं की दिसते. मी गाडीत बसून बराच वेळ रडलो, थोडं माझ्यासाठी आणि जास्त वडिलांसाठी. त्यांना असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

चोवीसवाली परत गेली. काकांना मी खरं कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी कधीच सहाच्या वर जात नाही. वर गेलं की स्वतःचं काळीज धडधडताना दिसतं." मग त्यांनीच त्यांच्या गॅरेजमधून एक जुनी चार पटींची दुर्बीण आणली आणि माझ्या रायफलीवर बसवून दिली. तिच्यात खार खारीएवढीच दिसते.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी बायकोने चहा केला. कप काठोकाठ भरून, बशीसकट माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसून उघड बघत राहिली.

"सांडला तर?" मी विचारलं.

"सांडू दे. मी बघतेय."

मी एका हाताने कप उचलला. बशीत थोडा सांडला. तो मी बशीतूनच प्यायलो.