आयरीनच्या पूल हॉलमधलं मशीन

माझ्या सासूबाई कपड्यांच्या ड्रायरशी काहीतरी करतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते.

बाबा, म्हणजे माझे सासरे डॉक्टर चारुदत्त, गेल्यावर आई पेनसिल्व्हेनियातलं घर विकून दूर दक्षिणेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे राहायला आल्या. एका दुपारी मी ऑफिसचा कॉल आटोपून खाली आले, तर त्या लाँड्रीत ड्रायरसमोर उभ्या होत्या. दोन्ही तळवे त्याच्या कडांवर टेकवलेले, मान जरा पुढे. आतले कपडे घुमत होते आणि आई त्या मशीनला हलकेच डावीकडे रेटत होत्या. झोपलेल्या माणसाला कूस बदलायला लावावी तसं.

"आई, काय झालं?"

त्या दचकल्या. "काही नाही गं. आत बटण वाजतंय कशाचं तरी."

कपडे काढताना मी पाहिलं. सगळे टॉवेल होते.

मग लक्षात येत गेलं. भाजी चिरता चिरता त्या सुरी थांबवून कान द्यायच्या. फ्रीजची मोटर सुरू झाली की वळून बघायच्या, आणि बघायच्या ते फ्रीजकडे नव्हे, स्वतःच्या उजव्या खांद्यामागे. माझा नवरा सौमित्र म्हणाला, वय झालंय, ऐकण्याची टेस्ट करून घेऊ. मीच त्यांना घेऊन गेले. टेस्ट करणारी मुलगी म्हणाली, या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर आई सीटबेल्ट न लावता तशाच बसून राहिल्या.

"मला कमी ऐकू येत नाही, अनुष्का. जास्त ऐकू येतं."

"म्हणजे?"

"आधी मोटर सुरू होते. मग गोटी. खिळ्यांवर आपटत, रेंगाळत खाली येते. आणि इथे," त्यांनी उजव्या कानामागे बोट नेलं, "इथे कोणीतरी श्वास घेतं. शिट्टी वाजल्यासारखा."

बाहेर ऊन होतं, समोर एक बाई मुलाला कारसीटमध्ये बसवत होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. "कोण?"

"स्टॅन," त्या म्हणाल्या. जणू मला माहीत असायला हवं होतं.

त्या दिवशी आम्ही घरी गेलो नाही. कॉफी घेऊन गाडीतच बसलो आणि त्यांनी सांगितलं.

लग्न होऊन त्या अमरावतीहून आल्या ते बाहत्तर साली. बाबांना स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावर, कोळशाच्या खाणींच्या एका गावात हॉस्पिटलची नोकरी होती. खाणी बहुतेक बंद पडलेल्या. मराठी सोडाच, दुसरं हिंदुस्थानी घरही नाही. बाबा दिवसरात्र हॉस्पिटलमध्ये. आईंना ड्राइव्ह करता येत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना घरात बसवेना, म्हणून त्या दुपारच्या बसने नुसत्याच गावात जाऊन यायच्या. बसस्टॉपसमोर एक पूल हॉल होता. एकदा बस आलीच नाही. बर्फात साडीवर कोट घालून उभ्या असलेल्या आईंना बघून पूल हॉलची मालकीण आयरीन दार उघडून ओरडली, "अगं बाई, आत ये, गोठून जाशील!"

आत सिगारेटचा धूर, बिलियर्डची टेबलं, आणि एकदम गप्प झालेले पुरुष. भिंतीला लागून तीन मशिनं उभी होती. त्यांना सगळे बिंगो म्हणायचे. आता आपण जे पिनबॉल बघतो त्यातले गोटी परत वर उडवणाऱ्या पट्ट्या त्यांना नव्हत्या. नाणं टाकायचं, दांडा ओढून स्टीलची गोटी सोडायची. ती वरून खिळ्यांमधून, स्प्रिंगांना धडकत, उतरत यायची आणि कुठल्यातरी आकड्याच्या भोकात पडायची. समोरच्या काचेवर तो आकडा पेटायचा. आकडे एका ओळीत आले की जिंकलात. उघडपणे मिळायचे ते फुकट खेळ. प्रत्यक्षात आयरीन काउंटरखालून रोख द्यायची. जुगारच तो. कायद्याने बंदी होती आणि गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मधल्या मशीनच्या काचेवर समुद्र रंगवला होता," आई म्हणाल्या. "निळा, खोटा. मागून दिवे लागले की लाटा हलल्यासारख्या वाटायच्या. त्या काळ्या गावात तेवढाच रंग."

त्या मशीनवर एक म्हातारा खेळत होता. खाणीतून निवृत्त झालेला, कोळशाच्या धुळीने छाती भरलेला. बोलायचा कमी, कारण बोलायला श्वास पुरायचा नाही. तो स्टॅन. त्याने आईंना बाजूच्या मशीनवर एक नाणं ठेवून दिलं.

आईंनी गोटी सोडली आणि मशीनला रागाने थापटलं. दिवे एकदम विझले. फार हलवलं की ते मशीन तसं रुसायचं, खेळ संपायचा.

"मारू नकोस तिला," स्टॅन म्हणाला. "विचार."

विचारायचं म्हणजे तळव्यांनी. गोटी खिळ्याला टेकून क्षणभर डळमळते, त्या क्षणी मशीनला जाणवेल न जाणवेल इतकंच रेटायचं. आई ते शिकल्या. रोज जाऊ लागल्या. भाजीचे पैसे त्यात घालू लागल्या, जिंकलेलेही परत त्यातच. बाबांना सांगायच्या, लायब्ररीत होते.

"दोन हिवाळे गेले असे. मग एका फेब्रुवारीत स्टॅन माझ्या उजवीकडे खेळत होता. माझी गोटी छान चालली होती. त्याच्या श्वासाची शिट्टी थांबली, ती मी ऐकली, अनुष्का. थांबलेली ऐकली. पण गोटी खाली पडेपर्यंत मी मान वळवली नाही."

वळवली तेव्हा स्टॅनचं कपाळ समुद्राखालच्या काचेवर टेकलेलं होतं. माणसं धावली. बाबांच्याच हॉस्पिटलमधून गाडी आली. त्याला नेलं तरी मशीन तसंच पेटलेलं, मोटर घुरघुरतेय, दांड्यापाशी त्याची एक गोटी तशीच. कोणी ती सोडायला तयार नव्हतं आणि आयरीन प्लग काढायला तयार नव्हती.

त्या उन्हाळ्यात पोलिसांनी मशिनं उचलून नेली. बसमधून जाताना आईंनी पाहिलं, नगरपालिकेच्या आवारात माणसं घण घालत होती आणि निळी काच गवतावर पसरली होती. पुढे ते गाव सुटलं, आई ड्राइव्ह करायला शिकल्या, सौमित्र झाला, शाळेत गणित शिकवायला लागल्या, रिटायर झाल्या. बाबा असेपर्यंत घरात कायम कोणीतरी बोलणारं होतं. ते गेल्यावर आवाज सुरू झाले.

मी हे सगळं सौमित्रला सांगितलं. तो आधी चक्रावला, मग खूश झाला. आपली आई जुगार खेळायची! त्याने इंटरनेटवर शोधून काढलं की स्टेट कॉलेजजवळ डेल नावाच्या एका गृहस्थाने आपल्या धान्याच्या कोठारात अशी जुनी मशिनं दुरुस्त करून ठेवलीत. फोन केला. समुद्राच्या चित्राचंही होतं. मला वाटतं, सौमित्रच्या मनात होतं की एकदा खेळली की आईच्या डोक्यातून ते जाईल.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं गेलो. डेलने कोठार छान गरम ठेवलं होतं, फरशी पॉलिश केलेली, मशिनं ओळीने झळकत होती. त्याने आईंपुढे नाण्यांचा वाडगा ठेवला. आई समुद्राच्या मशीनसमोर उभ्या राहिल्या. कोट काढला, बाह्या सारल्या, कंबर किंचित मशीनला टेकवली. मी माझ्या सासूबाईंना तशा उभ्या राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. पंचाहत्तरीची बाई नाक्यावरच्या पोरासारखी दिसत होती.

मोटर सुरू झाली. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. आमच्या ड्रायरसारखाच, पण खोल, घशातला. त्यात मधूनच आत कुठेतरी कटकटकट असं काहीतरी मोजल्यासारखं व्हायचं. आई खेळत राहिल्या. तळवे विचारत राहिले. दोनदा जिंकल्या, डेलने टाळ्या वाजवल्या. सौमित्र व्हिडिओ घेत होता.

मग आईंनी हात काढून घेतले.

"इथे कोणी नाही," त्या म्हणाल्या.

डेलला वाटलं मशीनमध्ये बिघाड सांगतायत. सौमित्रने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. डेल कॉफी आणायला घरात गेला.

"आवाज तोच आहे," आई म्हणाल्या. "अगदी तोच. पण आत कोणी नाही. धुऊन पुसून ठेवलंय सगळं."

सौमित्रने हसत हसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, यू आर अनबिलीव्हेबल. स्वतः गॅम्बलर, आणि मला दिवाळीत तीनपत्ती खेळू दिली नाहीस कधी. इतकी कसली आवड होती गं?"

आई स्टुलावर बसल्या.

"आवड नव्हती. तुझ्या आधी एक मुलगी झाली होती मला."

सौमित्रचा हात तिथेच राहिला.

"त्या पहिल्या हिवाळ्यात. दुपारी झाली, संध्याकाळ काही बघितली नाही तिने. नर्सने एकदा माझ्याजवळ दिली होती. मी घरी आले तोवर तुझ्या बाबांनी पाळणा सुटा करून कुठे ठेवला होता देव जाणे. त्यांनी एकट्याने सगळं केलं. मला त्रास नको म्हणून. मग कधी विषयच नाही. मी काढला नाही, त्यांनी काढला नाही. अमरावतीलाही पत्रात नुसतं तब्येत बरी नव्हती असं कळवलं." त्यांनी मशीनकडे मान वळवली. "गोटी खाली येत असेपर्यंत डोक्यात काही नसायचं. तेवढ्यासाठी जायचे मी. बाकी सगळा वेळ ती असायचीच."

मीच विचारलं, "कोणालाच माहीत नव्हतं?"

"गावाला माहीत होतं. लहान गाव. पण विचारलं फक्त स्टॅनने. एकदा खेळता खेळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, पोरीचं नाव काय ठेवलं होतंस? मी कोणाला सांगितलंच नव्हतं, तुझ्या बाबांनाही नाही. म्हटलं, वैदेही. त्याला म्हणता येईना. वे-डी, वे-डी करत बसला." आईंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि तसंच राहून गेलं. "मी त्याला सांगितलं, आमच्या भाषेत वेडी म्हणजे खुळी. तर म्हणतो, चालेल, माझीही खुळीच होती. त्याचीही एक मुलगी गेली होती, लहान असतानाच. तेव्हापासून शेवटची गोटी सोडताना तो दर वेळी म्हणायचा, ही वेडीची. दर वेळी. आणि त्याच्या वेळेला मी मान वळवली नाही."

डेल कॉफी घेऊन आला. आम्ही ती उभ्यानेच प्यायलो.

गाडीत सौमित्रने कोणाला न विचारता आईंच्या जुन्या गावाचा पत्ता घातला. तिथे बाबांच्या घराच्या जागी दुसरंच घर होतं, पूल हॉलच्या जागी मोकळी जागा. आई उतरल्या नाहीत. म्हणाल्या, स्मशानभूमी टेकडीवर आहे.

तिथल्या ऑफिसातल्या माणसाने शोधून पाहिलं. नम्रपणे म्हणाला, त्या वर्षांत हॉस्पिटलमधून आलेली तान्ही मुलं मागच्या कुंपणापाशी ठेवली जायची. दगड बहुतेकांना नाहीत. नेमकी जागा आता कोणालाच सांगता येणार नाही.

कुंपणापाशी नुसतं गवत होतं, कापलेलं, थोडं पिवळं पडलेलं. पलीकडे खाणीच्या मातीचा काळा ढीग, त्यावर बर्चची झाडं उगवलेली. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. वारा अजिबात नव्हता. जुन्या सैनिकांच्या थडग्यांवरचे छोटे झेंडे सरळ लोंबत होते. आई गवताच्या कडेला उभ्या राहिल्या, पुढे पाऊल टाकेनात. कुठे पाय द्यायचा तेच कळत नसावं.

तेव्हा मी ऐकलं. आईंच्या उजवीकडे, थोडं मागे, शिट्टीसारखा ओढलेला श्वास. आत गेला, थांबला, बाहेर आला. मी वळले. कोणी नव्हतं. सौमित्रकडे पाहिलं, त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तोही तिकडेच बघत होता. आम्ही आजवर त्यावर एकमेकांशी बोललेलो नाही. लोखंडी कुंपणाचे पाइप पोकळ होते, हे मी स्वतःला सांगितलेलं आहे.

आई वळल्या नाहीत. त्या इंग्रजीत बोलल्या, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशा, आवाज न चढवता.

"हो, स्टॅन. इथेच कुठेतरी आहे."

परतताना त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. व्हर्जिनियात शिरल्यावर सौमित्रने आरसा सारखा केला.

"आई, कशी दिसत होती गं ती?"

त्या जाग्याच होत्या.

"केस होते," आई म्हणाल्या. "खूप. ओले होते, म्हणून इथे कपाळावर चिकटले होते. नाक तुझ्या बाबांचं. मला तेव्हा वाटलं, बाई गं, मुलीला कसलं हे नाक."

सौमित्र हसला आणि त्याचा आवाज फाटला. आई बोलत राहिल्या. हाताचं बोट कसं धरलं होतं ते, नर्सने कुठल्या रंगाची दुलई गुंडाळली होती ते, खिडकीबाहेर कोळशाच्या मालगाडीचे डबे जात होते आणि त्यांना वाटत होतं की गाडी संपू नये, ते. एवढ्या वर्षांनी सांगताना त्यांना कुठे अडखळायला होत नव्हतं. घराकडे वळायचा आमचा एक्झिट मागे गेला. मला दिसला, सौमित्रलाही दिसला असणार. त्याने गाडी तशीच पुढे नेली.